स्राव आणि सराव

गेल्या महिन्यात नाशिकला डॉ. विमल शिरोडे यांची शोकसभा झाली. हॉल लहान होता आणि तोही भरला नव्हता. मी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलो होतो. शेवटी त्यांच्याबरोबर काम केलेले एक निवृत्त डॉक्टर बोलायला उठले. चांगलं बोलत होते. मग म्हणाले, "बाई हुशार, कष्टाळू. पण एक दोष होता, आता त्या नाहीत म्हणून लपवण्यात अर्थ नाही. स्वतःची चूक दुसऱ्याच्या माथी मारायच्या. त्या पाहणीच्या वेळी आपण सगळ्यांनीच ते पाहिलं."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना हलवल्या. बाहेर आल्यावर चहा घेताना एकजण मला म्हणाला, "गायधनी सर, तुम्ही तर त्यांच्याच ऑफिसात होता. तुम्ही बोलायला हवं होतं."

हवंच होतं. ती चूक विमलताईंची नव्हती, माझी होती. आणि दुसऱ्याच्या माथी मारली म्हणतात, तीही मीच मारली. हे आज लिहितो आहे ते त्यांच्या नावाला लागलेला डाग पुसावा म्हणून. पण डाग पुसायचा तर आधी माणूस दाखवायला हवा, कारण ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना नुसती चूक कळून उपयोग नाही.

विमलताई मूळच्या सटाण्याच्या. वडील कांद्याचे व्यापारी. ठेंगणा बांधा, सुती साडी, पायात पुरुषी सँडल आणि खांद्याला कापडी पिशवी. आवाज असा की रस्त्याच्या पलीकडून हाक मारली तर चार रिक्षा थांबायच्या. पण तपासणीच्या खोलीत शिरल्या की तोच आवाज इतका खाली यायचा की समोरच्या बाईला पुढं वाकावं लागे. मला सुरुवातीला हे नाटक वाटलं होतं. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सर, मी वाकले तर ती मागं सरकते. ती वाकली की बोलते."

त्यांचा विषय बायकांचे आतले आजार. जननमार्गाचे संसर्ग, पुरुषांकडून बायकांकडे आणि बायकांकडून पुरुषांकडे जाणारे रोग, मूल न होणं. आमचं ऑफिस नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, एका टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं. खालच्या चौकात ट्रकचे हॉर्न सुरू झाले की त्या वाक्य अर्ध्यावर सोडून डोळे मिटून बसत आणि हॉर्न थांबला की बरोबर त्याच शब्दापासून पुढं सुरू करत.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो होतो. त्यांना प्रश्नावल्या मराठीत करणारा माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव सुचवलं. पहिल्याच भेटीत, मी खुर्चीत नीट बसलोही नव्हतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "बायकांच्या अंगावरून पांढरं पाणी जातं, त्याला मराठीत काय म्हणतात?"

मी टेबलाकडं बघत म्हणालो, "श्वेतप्रदर."

"तुमच्या आईनं कधी म्हटलं होतं का, आज माझा श्वेतप्रदर वाढलाय म्हणून?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"मग काय म्हणत होती?"

"आमच्याकडे... असं काही बोललं जात नसे."

"म्हणजे होत होतं, पण शब्द नव्हता," त्या म्हणाल्या. "शब्द असतो, सर. तो तुमच्या कानावर येऊ देत नाहीत. उद्यापासून या."

शब्द गोळा करणं हा त्यांचा छंद होता. धुपणी, अंगावरून जाणं, खाली आग होणं, ओटीत गोळा येणं. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये त्या क्रेट उलटा करून बायकांमध्ये बसत. प्रश्न विचारत नसत. कात्री मागून घेत आणि घडातले खराब मणी काढू लागत. हात त्यांचा या कामात वाईट. बायका त्यांची चेष्टा करत.

"ताई, चांगला मनी कापला तुमी. मुकादम तुमाला कामाला ठेवायचा नाय."

"मग तुझ्या घरी ठेव. भाकरी थापीन."

"भाकरी तरी येती का?"

"नाही येत. कांदा येतो फोडता."

या बायकांत छबूबाई म्हणून एक होती. आजूबाजूच्या वाडीवरची, तिशीतली, जिभेची तिखट. शेडमध्ये ती दिवसभर पाणी पीत नसे, कारण बाहेर जायला आडोसा नव्हता. विमलताईंनी तिथं पहिलं भांडण केलं ते संडासासाठी. मालक म्हणाला, "मॅडम, तुम्ही रोगावर संशोधन करताय ना, मग बांधकामाचं कशाला काढता?" त्यावर त्या म्हणाल्या, "माझं संशोधन तुमच्या शेडमागच्या काटेरी झुडपापाशी सुरू होतं." संडास झाला. दाराला कडी लागायला आणखी एक भांडण लागलं.

"लाजू नका" हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही. गावात आरोग्याचं सांगायला येणारा प्रत्येकजण बायकांना लाजू नका म्हणतो, आणि ते ऐकलं की बाई आणखी आत जाते. विमलताई म्हणत, "लाज की. लाजत लाजत सांग. मला घाई नाही."

त्यांच्या पिशवीत एक मोठा थर्मास असे. आतून तपासायचं लोखंडी हत्यार थंडगार असतं, ते लागलं की बाई अंग आखडून घेते. म्हणून त्या थर्मासमध्ये उकळलेलं पाणी नेत आणि तपासणीआधी हत्यार त्यानं कोमट करून घेत. एका गावी सरपंच म्हणाले, "ताई, चहा एकट्याच पिता? आम्हालाही द्या की घोटभर." त्यांनी शांतपणे झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "देते. पण यानं काय धुते ते आधी सांगते." मी तेवढ्यात खिडकीबाहेरचं काहीतरी बघू लागलो. सरपंचांनी कप खाली ठेवला. मागं ओट्यावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. तेव्हापासून त्या गावात तपासणीला चहा असंच नाव पडलं. बाई दारात येऊन विचारायची, "ताई, चहा गरम हाय ना?" आणि बाहेर बसलेल्या पुरुषांना काही कळायचं नाही.

पुरुषांचं मात्र त्यांना सोपं गेलं नाही. बाईला गोळ्या दिल्या, ती बरी झाली, आणि महिन्याभरात तेच दुखणं घेऊन परत आली, असं व्हायचं. नवऱ्यानंही औषध घ्यायला हवं होतं. नवरे म्हणायचे, आम्हाला काय धाड भरलीय. शेवटी त्यांनी एका गावात मारुतीच्या ओट्यावर पुरुषांना बोलावलं. आले बरेच, गंमत बघायला आले. विमलताई उभ्या राहिल्या.

"सत्यनारायणाला बायको एकटी बसते का?"

"छ्या! जोडीनं बसावं लागतं," एक म्हातारबा म्हणाले.

"एकटी बसली तर?"

"फळ नाय मिळत."

"तसंच या गोळ्यांचं आहे. जोडीनं घ्यायच्या. एकटीनं घेतल्या तर फळ मिळत नाही."

मागून एक तरुण ओरडला, "पण बाई, आमाला तर काय होत नाय!"

"तुला होत नाही, तू देतोस," त्या म्हणाल्या. ओटा हसला. तो तरुण मान खाली घालून बसला, आणि सभा संपल्यावर सगळे गेल्यानंतर थर्मास उचलायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. विमलताईंचा आवाज खाली आला होता.

आता पाहणीचं सांगतो.

पिंपळगावच्या बाजूच्या गावांमध्ये मोठी पाहणी करायची ठरली. मुंबईची एक समिती तिच्यावर देखरेख करणार होती. पाहणीत रोग आढळला तर त्या गावांमध्ये कायमचा दवाखाना, आठवड्यातून एकदा बाई डॉक्टर. विमलताई त्यासाठीच हा सगळा खटाटोप करत होत्या. सगळ्या बायकांची तपासणी करण्याइतकी सोय नव्हती, म्हणून आधी घरोघर प्रश्न विचारायचे आणि ज्या हो म्हणतील त्यांना तपासणीला बोलवायचं, असं ठरलं. हे त्यांना पसंत नव्हतं. कित्येकींना रोग असून काही जाणवत नाही, हे त्या घसा कोरडा करून समितीला सांगत होत्या. पण निदान प्रश्न तरी नीट असावेत म्हणून त्यांनी जिवापाड मेहनत घेतली. त्यांचा नियम होता की प्रत्येक प्रश्न आधी बायकांना वाचून दाखवायचा. बाईनं "काय म्हनलात?" असं विचारलं की तो प्रश्न बाद. शेवटी पहिलाच प्रश्न ठरला, "अंगावरून पांढरं जातं का? धुपणी आहे का?" हा प्रश्न छबूबाईनं पास केला होता.

प्रश्नावली छापायला द्यायच्या आठवड्यात सटाण्याहून निरोप आला की त्यांच्या आईचं बरंच जास्त आहे. त्या निघाल्या. जाताना छापायच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर सही करून गेल्या. "सर, तुम्ही मराठीचे. शुद्धलेखन तेवढं बघा," असं म्हणाल्या.

छापखान्यात टाईप जुळवायला जो बसला होता तो माझा जुना विद्यार्थी निघाला. "सर! या, या," म्हणून त्यानं खुर्ची पुसली. मी कागद पुढं केला. त्यानं वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं, शाळेत वाचायचा तसा. पहिल्या ओळीला थांबला. माझ्याकडं पाहिलं. हसला नाही, पण ओठ आत ओढून धरले. पलीकडच्या यंत्रावरच्या माणसानं मान वळवली.

"सर, हे... असंच ठेवायचं?"

मी त्याला समास शिकवले होते. वर्गात माझ्या तोंडून कधी हलका शब्द गेला नव्हता. मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि म्हणालो, "कच्चा मसुदा आहे रे तो. थांब." तिथंच उभ्या उभ्या पेनानं बदल केला. "योनिमार्गातून असामान्य स्राव होतो का?" पुढचेही चारदोन प्रश्न मी असेच स्वच्छ केले. मला खरंच वाटलं की मी त्यांचं काम सुधारतो आहे. विद्यार्थी म्हणाला, "हां, आता बरोबर वाटतं." कुणालाही वाचून न दाखवता ते छापून आलं.

विमलताईंची आई गेली. दिवस करून त्या परत आल्या तेव्हा पाहणी सुरू झाली होती. नाशिकच्या कॉलेजातल्या मुली घरोघर जात होत्या. त्यांना सक्त शिकवलेलं होतं की छापलंय तसंच वाचायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. हेही विमलताईंनीच शिकवलेलं. स्वतःचीच प्रश्नावली पुन्हा वाचायचं त्यांना कारण नव्हतं. त्या महिन्यात त्या तशाही कमी बोलत होत्या.

निकाल आला. त्या गावांमध्ये हा आजार जवळजवळ नाहीच. समितीनं कळवलं की दवाखान्याची गरज दिसत नाही. विमलताई कागद घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मग उठल्या आणि पिंपळगावला गेल्या. मीही बरोबर होतो.

छबूबाई शेडवर नव्हती. घरी भेटली, बाजेवर आडवी. नुकतीच एका खाजगी दवाखान्यात तिची पिशवी काढली होती. ओटीपोटात दुखणं वाढत गेलं, ताप यायला लागला, आणि तिथल्या डॉक्टरांनी गर्भाशयच काढून टाकायला सांगितलं.

विमलताई जमिनीवर बसल्या. "छबू, अगं, पाहणीला मुली आल्या होत्या ना? त्यांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"त्यांनी विचारलं नाही का?"

"ते हे नाय विचारलं, ताई," छबूबाई म्हणाली. "ती पोरगी म्हनली, सराव होतो का? आसामचा का कुठला. मी म्हनलं, नाय बाई, सराव कसला? सराव पोरं शाळेत करत्यात. आमाला कामापुढं कुठला आलाय सराव! तिनं 'नाय' असं लिवलं अन् गेली."

छबूबाईची सासू दारात तांदूळ निवडत बसली होती, ती म्हणाली, "मला बी तेच इचारलं. मी म्हनलं, माझं वय हाय का आता सरावाचं?" आणि दोघी हसल्या. छबूबाईला हसताना टाके दुखले, तिनं पोट धरलं.

विमलताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून छापील प्रश्नावली काढली. पहिलं पान वाचलं. त्या फार संतापल्या की तोंडून अहिराणी येई. "हाई काय शे?" त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "सर, हे कुणी केलं?"

छबूबाई बाजेवरून बघत होती. म्हातारी बघत होती. मी म्हणालो, "मुंबईहून तसं आलं. समितीकडून."

एवढंच वाक्य. त्यासाठी मला विचारही करावा लागला नाही.

पुढचं नाशिकला माहीत आहे ते असं की विमलताई मुंबईला गेल्या, भर बैठकीत समितीवर आरोप केला की तुम्ही माझा प्रश्न बदललात, माझी पाहणी मारलीत. समितीनं, ताईंनीच मंजुरीसाठी आधी पाठवलेली प्रत टेबलावर ठेवली. तिच्यात मूळचाच प्रश्न होता. म्हणजे बदल नाशिकलाच झाला होता आणि छापायच्या प्रतीवर सही शिरोडेबाईंची होती. तिथं त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आरोप मागं घेते. प्रश्नावली माझी आहे." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पाहणी परत करायची त्यांची मागणी फेटाळली गेली आणि काम त्यांच्याकडून काढून घेतलं. गावांना दवाखाना मिळाला नाही. शोकसभेत ज्याला दोष म्हटलं गेलं, तो हा.

परत आल्यावर त्यांनी मला काहीही विचारलं नाही. मी रोज वाट पाहत होतो. त्यांनी टेबल आवरलं, थर्मास पिशवीत घातला आणि खाली टायरवाल्याला मोठ्यानं "येते हो" म्हणून गेल्या. मी त्या ऑफिसात ते बंद होईपर्यंत होतो. घरी एकदा ती प्रश्नावली बायकोच्या हाती पडली. तिनं पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, "हे मलासुद्धा नसतं कळलं." मग कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. लग्नाला आमच्या तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि तिला कधी काही झालं होतं का, हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हाही विचारलं नाही.

विमलताईंनी सटाण्याला एका जुन्या गोदामाच्या दोन खोल्यांत दवाखाना काढला. माझी बायको गेल्यानंतर एकदा मी तिथं गेलो. दारात बायकांची रांग होती, काही नवरेही होते. ताईंचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून त्या एवढ्या जोरात "अरे, गायधनी सर!" म्हणाल्या की सगळी रांग वळली.

आम्ही मागच्या अंगणात नळापाशी उभे राहिलो. मी सांगितलं. छापखाना, विद्यार्थी, पेन, आणि ते मुंबईचं वाक्य. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांना पुढं वाकावं लागलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "समितीनं कागद समोर टाकला तेव्हाच कळलं. दुसरं कोण करणार होतं इतकं शुद्ध मराठी?"

"मग तुम्ही तिथं बोलला का नाहीत?"

"सही करून कागद मी सोडून गेले आणि छापून आल्यावर वाचलाही नाही. आणि बोलून काय, छबूची पिशवी परत बसणार होती?" त्या थांबल्या. "तुम्हाला लाज वाटली, ते मी समजू शकते. लाज वाटणाऱ्या माणसांबरोबरच माझं आयुष्य गेलंय. पण सर, एकदा छबूला वाचून दाखवायचा होता. पाच मिनिटांचं काम होतं."

मी म्हणालो, "मला माफ करा."

"मला सांगून तुम्ही मोकळे होताय," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. चारचौघांत सांगा."

मी हो म्हणालो. तिथून आलो आणि सांगितलं नाही. आज उद्या करत राहिलो, तोवर शोकसभा झाली, आणि तिथंही बसून राहिलो.

त्या दिवशी माझं हो ऐकून त्यांनी नळ सोडला. कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्या, नखं, सावकाश, मी तिथं नसल्यासारखं. टॉवेल नव्हता. हात हवेत तसेच धरून त्या आत गेल्या. दाराशी एक तरुण बाई पदराचं टोक चावत उभी होती. विमलताई तिच्यासमोर स्टुलावर बसल्या. त्यांचे ओठ हलले, मला काही ऐकू आलं नाही. ती बाई थोडी पुढं वाकली.